इंग्लंडमध्ये जन्मलेल्या नातीचा पहिला पासपोर्ट : भारताचा की ब्रिटनचा?

आजोबा, गंगापूर रोड :
आमची लेक आणि जावई नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतात. दोघेही भारतीय नागरिक असून जावई कामाच्या व्हिसावर आणि लेक त्यांच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. त्यांना तिथे नुकतीच मुलगी झाली. तिला नाशिकला आणून वणीच्या देवीच्या पायांवर घालावे, अशी घरातल्या सर्वांची मनापासून इच्छा आहे. नातेवाइकांपैकी काही जण म्हणतात, की मूल तिथे जन्मले म्हणजे ते ब्रिटिशच, तेव्हा तिथलाच पासपोर्ट काढावा. तर काहींच्या मते इथे आल्यावर महापालिकेतून जन्मदाखला घेऊन नाशिकमध्येच अर्ज करता येईल. यातले खरे काय, हे जाणकारांनी सांगावे.

वकील, शरणपूर रोड :
दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार केवळ तिथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात किंवा त्यांना तिथे कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी मिळालेली असावी लागते. कामाचा व्हिसा म्हणजे तशी परवानगी नव्हे. त्यामुळे आपल्या नातीला आज ब्रिटिश पासपोर्ट मिळणार नाही.

ती वंशाने भारतीय आहे, परंतु हे नागरिकत्व आपोआप पक्के होत नाही, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ प्रमाणे ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले, तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि काम विनाकारण लांबते. नाशिक महापालिकेचा इथे संबंध नाही, कारण जन्म इथे झालेला नाही. शिवाय पासपोर्टशिवाय बाळाला विमानात बसवताच येणार नाही.

एक आई, इंदिरानगर :
काका, नमस्कार. माझ्या मुलाचा जन्म लेस्टरचा आहे, म्हणून कागदपत्रांबद्दल लिहिते. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते, त्यामुळे बारसे नाशिकला येऊन थाटात करायचे असले तरी नाव त्याआधीच ठरवावे. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात, तिथे मात्र ते कोणी आपणहून लावत नाही. पासपोर्टवर ते हवे असेल, तर जन्माच्या नोंदीतच मुलीच्या नावाला जोडून लिहायला सांगावे, कारण पुढचे सगळे कागद त्या एका नोंदीवरून तयार होतात. तिथे जन्मदाखला दोन प्रकारचा असतो. त्यातल्या लहान दाखल्यावर आईवडिलांची नावे नसतात, म्हणून संपूर्ण दाखलाच घ्यावा.

पासपोर्टच्या अर्जासोबत आईवडील दोघांच्या सहीचे संमतीपत्र द्यावे लागते. लग्नाचा दाखला नाशिकला तुमच्या कपाटात असेल, तर तोही आत्ताच लेकीकडे पाठवून ठेवा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हेही त्यांना सांगून ठेवा.

आजोबा, गंगापूर रोड :
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. भारतीय पासपोर्ट असल्यामुळे इकडे येण्यासाठी व्हिसा लागणार नाही, हे समजले. परंतु नातीला परत जाताना काही अडचण येईल का?

वकील, शरणपूर रोड :
येऊ शकते, आणि अनेक कुटुंबे नेमकी इथे अडकतात. बाळ ब्रिटनमध्येच राहणार असेल, तोवर त्याच्यासाठी व्हिसाचा अर्ज करण्याची सक्ती नाही; परंतु एकदा देशाबाहेर पडले, की व्हिसाशिवाय परत प्रवेश मिळत नाही. म्हणून भारतीय पासपोर्ट हाती येताच त्या आधारे तिथूनच बाळाच्या व्हिसाचा अर्ज करावा. या अर्जासोबत आरोग्य अधिभारही (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे शुल्क) भरावा लागतो, त्याची तरतूद जावयांनी आधीच करून ठेवावी. अर्जाचा निर्णय होण्यापूर्वी बाळ भारतात आले, तर तो अर्ज मागे घेतला असे धरले जाते. तेव्हा वणीचा बेत ठरवताना विमानाची तिकिटे हा निर्णय झाल्यावरच काढावीत.