नोटरीच्या शिक्क्यावर घटस्फोट: वकिलावर कारवाई का नको?

साधी_पक्षकार: काल इथे एका वकिलांनी लिहिलं की लोकच स्टॅम्पपेपरवर घटस्फोट मागतात, नोटरी फक्त सह्या बघतो, त्यासाठी त्याची वकिलीची सनद का घालवायची? वाचून डोकं फिरलं. माझ्या मावसबहिणीचा फारकतनामा, म्हणजे घटस्फोटाचा कागद, एका वकील-नोटरीनेच तयार केला, स्वतःच शिक्का मारला आणि "आता तुम्ही मोकळ्या" असंही सांगितलं. तिने दुसरं लग्न केलं. तो नवरा वारल्यावर फॅमिली पेन्शनचा अर्ज परत आला, कारण पहिलं लग्न कायद्याने मोडलेलंच नव्हतं. संमतीच्या घटस्फोटालाही हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली कोर्टाचा हुकूमनामा लागतो, हे वकिलाला माहीत नसतं?

काळाकोट: ताई, बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण त्याच कायद्याचं कलम २९(२) बघा. ज्या समाजांत रूढीने काडीमोड होते तिथे ती आजही चालते, आणि फारकतनामा हा तिचा लेखी पुरावा असतो. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. सही ओळखली म्हणजे मजकुराची हमी दिली असं होत नाही.

साधी_पक्षकार: रूढी असेल तर कागदात लिहा ना, कोणत्या समाजाची ते. आमच्यात ती नाही आणि त्या कागदात तिचा शब्दही नाही. मजकूर लिहिणारा आणि सही ओळखणारा एकच माणूस असेल तर हमी कोणाकडे मागायची? नोटरीने लग्न किंवा घटस्फोट लावायचा नाही, हे केंद्राच्या विधी विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी कळवलंय.

दोन_गुंठे: घटस्फोटाचं सोडा, प्लॉटचं बोला! वडिलांनी आयुष्यभराची बचत घालून नोटरीवर दोन गुंठे घेतले. सातबाऱ्यावर आजही मूळ मालक. त्याच्या पोरांनी तीच जमीन पुन्हा विकायला काढलीये. कागदावर "कायम खरेदी" असं लिहिणाऱ्या वकिलाला कोणी हात लावत नाही.

तालुका_वकील: तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे विकायला बंदी असल्यामुळे, दोन गुंठ्यांची नोंदणीच होत नव्हती, तेव्हा लोक कुठे जाणार होते? नोटरी नसता तर तोंडी व्यवहार झाले असते. दोष धोरणाचा आहे.

दोन_गुंठे: तोंडी व्यवहार असता तर वडील सावध राहिले असते! लाल शिक्का बघून त्यांनी पैसे मोजले. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. एवढं वाक्य उच्चारायला वकिलाला काय लागतं? तुमची फी बुडते, म्हणून ते उच्चारत नाही.

तालुका_वकील: फीचं मला सांगू नका. मी असे कागद परत पाठवतो, मग पक्षकार शेजारच्या टेबलावर जातो आणि तिथे काम होतं.

साधी_पक्षकार: मग त्या शेजारच्या टेबलावर कारवाई मागायला तुम्हीच पुढे यायला हवं. नोटरी नियम १९५६, नियम १३ खाली सरकारकडे तक्रार होते, प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. वकील म्हणून अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या परिषदेकडे, वेगळी तक्रार. फौजदारीला मात्र नोटरी कायद्याच्या कलम १३ ची भिंत: सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्ट दखलच घेत नाही. एवढं संरक्षण असूनही तुम्हाला "बिचारा नोटरी" म्हणवतं?

काळाकोट: ठीक आहे. स्वतः मसुदा करून "मोकळ्या झालात" म्हणणाऱ्याची सनद काही काळ निलंबित व्हावी, एवढं मान्य. कायमची काढणं मान्य नाही.

साधी_पक्षकार: बहिणीची पेन्शनही काही काळापुरतीच गेली असती तर मीही तेवढ्यावर थांबले असते. तक्रार आम्ही दोन्हीकडे टाकतोय.