शेपटी झटकणारा तपकिरी पक्षी कोणता? फोटोत तर नुसता काळा दिसतो

सेमिनरीकर
नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी घर आहे. मागच्या अंगणात जाम (पेरू), कडुनिंब आणि मेंदीचं कुंपण. नोव्हेंबर लागल्यापासून एक छोटा पक्षी सकाळी हमखास येतो. चिमणीहून लहान वाटतो, पाठ तपकिरी, पोट फिकट, बसला की सारखी शेपटी झटकतो. पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप एका फोटोला चिरक म्हणतं, दुसऱ्याला थिरथिरा. कॅमेरा निकॉन डी ५६००, लेन्स ७०-३००, ऑटो मोड. फोटो खिडकीच्या मच्छरजाळीतून काढतो, पक्ष्यामागे मोकळं आकाश असतं. पक्षी काळा येतो आणि कडा भुरकट. नाव कसं ठरवावं आणि फोटोसाठी काय बदलावं?

रानवाट
पाठीचा रंग सोडा, शेपटी बघा. हिवाळ्यात आपल्याकडे अंगणात येणाऱ्या तपकिरी, शेपटी हलवणाऱ्या पक्ष्यांमध्ये गोंधळ होतो तो मुख्यतः तिघांचा.

थिरथिऱ्याची मादी चिमणीएवढी असते. शेपटी विटकरी-नारिंगी, मधली पिसं गडद. ती शेपटी झटकत नाही, थरथरवते. भिंत, तार, गच्चीचा कठडा अशा उघड्या जागी बसून जमिनीवर झेपावते, आणि उडताना ती नारिंगी शेपटी लपत नाही. चिरकाची मादी राखट तपकिरी, बुडाखाली विटकरी डाग, काळपट शेपटी पाठीवर उभी धरलेली. बहुतेक वेळ जमिनीवर फिरते आणि ती बारमाही आहे. तुमचा पक्षी नोव्हेंबरातच दिसायला लागला असेल तर चिरक मागे पडतो.

तिसरा लाल छातीचा माशीमार. साधारण १२ सेंमी, काळी शेपटी, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग. पंख किंचित खाली सोडतो आणि शेपटी वर झटकतो. नावात लाल असलं तरी लाल गळा प्रौढ नरालाच असतो. मादी आणि पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं खालून मळकट पांढरी, आणि अंगणात जास्त करून तीच दिसतात. लाल शोधत बसलं की हा पक्षी हातचा जातो.

शेपटीत नारिंगी आहे की पांढरं? आणि तो बसतो कुठे?

सेमिनरीकर
शेपटी काळी, वर केली की बाजूंना पांढरं चमकतं. जामाच्या आतल्या फांद्यांत, सावलीत बसतो. जमिनीवर क्वचित उतरतो, लगेच वर. आवाज कोरडा, ट्र्र्र्र असा.

रानवाट
मग माशीमार नक्की. मर्लिनचा दोष नाही, काळ्या आकृतीवरून त्याने आणखी काय सांगावं! फोटो देताना ठिकाण आणि तारीख तेवढी बरोबर भरा. कॅमेऱ्यातल्या फोटोत बहुधा ठिकाण नसतं, ते हाताने टाकावं लागतं.

पण खरी मेख पुढे आहे. याच्याच जवळचा तैगा माशीमारही हिवाळ्यात भारतात येतो. फरक दोन जागी बघायचा. लाल छातीच्या माशीमाराची खालची चोच बुडाशी फिकट, तैगाची चोच जवळजवळ पूर्ण काळी. शिवाय तैगाच्या शेपटीच्या बुडावरची पिसं शेपटीहूनही गडद, कुळकुळीत काळी असतात. लाल छातीच्यात ती शेपटीपेक्षा जास्त काळी नसतात. म्हणजे फोटो दोन हवेत: एक बाजूने, चोच स्पष्ट दिसणारा, दुसरा मागून, पंख खाली सोडलेले असताना. समोरून काढलेला सुंदर फोटो इथे निरुपयोगी. आवाजही फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. तैगाची खडखड जास्त जलद असते, लाल छातीच्याची संथ.

फुटाळा_३००
कॅमेऱ्याचं सांगतो. आधी जाळी उघडा. लेन्ससमोर जाळी असली की तपशील मऊ पडतो आणि कॉन्ट्रास्ट जातो, नंतर संगणकावर ते भरून निघत नाही. काचेतूनही नको. पक्षी बिचकत असेल तर उघड्या खिडकीवर हिरवी शेडनेट टांगा आणि लेन्स जाईल एवढंच भोक पाडा.

ऑटो सोडून एम (मॅन्युअल) मोड: शटर १/१००० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ६.३, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेरा ठरवतो), वरची मर्यादा ३२००. फोकस एएफ-सी (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस) आणि एकच मधला बिंदू, नाहीतर कॅमेरा पुढची काडी पकडतो. व्ह्यूफाइंडरमधूनच काढा, या कॅमेऱ्याचं लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून काढणं) फोकसला संथ आहे. मागे आकाश असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ ते +१.७. कॅमेरा उजळ आकाश पाहून सगळं चित्र गडद करतो, म्हणून पक्षी काळा येतो. आकाश पांढरं फटक झालं तरी चालेल, चोच दिसली पाहिजे. जेपेगऐवजी रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) ठेवा. जामाच्या गर्द सावलीत १/१००० ला आयएसओ ३२०० पुरत नसेल तर १/४०० वर या आणि दोन झटक्यांच्या मधल्या थांब्यात बर्स्ट मारा (एका दमात अनेक फोटो).

अंतराचा हिशेबही करा. १२ सेंमीचा पक्षी ३०० मिमीवर, ८ मीटरवरून, ६००० पिक्सेलच्या रुंदीत साधारण ११५० पिक्सेल भरतो. १५ मीटरवरून जेमतेम ६००, तेवढ्यात चोचीच्या बुडाचा रंग कळणं कठीण. तेव्हा झूम वाढवायच्या नादात पैसे घालण्याआधी अंतर कमी करा. आणि टिनाच्या छपरावरून नेम धरू नका, ऊन तापलं की हवा थरथरते आणि फोकस बरोबर असूनही फोटो मऊ येतो. डिसेंबरात साडेसात ते साडेनऊ ही वेळ बरी.

गोरेवाडेकर
एक जोड. खिडकीपासून ५-६ मीटरवर मातीचं पसरट परळ ठेवा, पाणी २-३ सेंमीच, मधे एक खडबडीत दगड. शेजारी कडुनिंबाची वाळकी फांदी रोवा. पाण्यावर येणारे पक्षी बरेचदा आधी अशा फांदीवर बसतात. मागचं कुंपण फांदीपासून ३ मीटर तरी लांब असेल आणि कॅमेरा फांदीच्या उंचीवर असेल, तर आकाशाऐवजी हिरवा पडदा मिळतो आणि काळ्या पक्ष्याचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. पाणी रोज बदला आणि परळ घासा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. मांजर फिरत असेल तर परळ मेंदीला चिकटवून ठेवू नका. माशीमार मात्र मुख्यतः किड्यांवर जगतो, दाणे टाकून तो येणार नाही. झाडावर कीटकनाशक मारणं थांबवा, त्याचा उपयोग जास्त. आणि आवाज वाजवून त्याला बोलावू नका, हिवाळ्यातही तो आपली जागा राखतो, उगाच दमतो.

रानवाट
ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना चोच आणि शेपटीचं बूड दोन्ही दिसले नसतील तर ‘तैगा/लाल छातीचा माशीमार’ असा जोडपर्याय आहे, तो निवडा.