प्रतिसाद: सातला घरी, आठच्या आत जेवण

वर विचारलंय, सातला कामावरून आल्यावर आठच्या आत मुलांपुढे गरम ताट कसं ठेवायचं? आमच्या रत्नागिरीकडचं उत्तर म्हणजे कुळथाची पिठी. एकीकडे कुकरला भात लावा. दुसरीकडे तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि सात-आठ ठेचलेल्या लसूणपाकळ्या. लसणात अजिबात काटकसर नको, सगळी चव तिथेच आहे. मग 3 वाट्या पाणी, हळद, मीठ, 2-3 आमसुलं. अर्धी वाटी पीठ गार पाण्यात कालवूनच ओता, नाहीतर गुठळ्या होतात. ढवळत राहा, उकळी आली की भसकन उतू जाते. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. पीठ मात्र भाजलेल्या कुळथाचंच घ्या, कच्च्याला उग्र वास येतो.

माझी लेक आधी हात लावायची नाही. भातावर तुपाची धार आणि सोबत पोह्याचा पापड दिला, तेव्हापासून स्वतःहून मागते.

मासे खात असाल तर सोबत जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी): कोरडा भाजून, धुऊन, पिळून भरपूर कांद्यावर परतायचा, तिखट-आमसूल घालायचं. दहा मिनिटांत होतो. फक्त खिडकी उघडी ठेवा.