ज्येष्ठमध: तुमच्याकडच्या आठवणी सांगा

अर्धा कप
काल माळा आवरताना गुटीचा डबा हाताला लागला. लेक आता बारावीला, म्हणजे डबा सतरा वर्षं तसाच पडून. हळकुंडाला भोकं पडलीत, वेखंडाचा वास गेलाय, डिकेमालीचा मात्र अजून असा की झाकण उघडल्याबरोबर लेक खोलीबाहेर पळाली. ज्येष्ठमधाची कांडी जरा वाकडी, एकाच बाजूने धरता येणारी. सासूबाई डावखुऱ्या. त्यांनी उगाळली की एकीकडे उतार, मी उगाळली की दुसरीकडे. दोघींनी मिळून तिची पाचर करून ठेवलीय. त्या जाऊन नऊ वर्षं झाली. चावून पाहिली. आधी नुसतं लाकूड, मग हळूच गोड.
तुमचंही लिहा. गुटी, खोकला, गाणं, काहीही.

खारी_बटर
आमच्याकडे आई वेढे मोठ्याने मोजायची. ज्येष्ठमधाचे चार, डिकेमालीचा अर्धाच. मधे कुणी बोललं की पुन्हा एकपासून. माझ्या धाकट्या भावाने किती गुटी प्यायली असेल देव जाणे!

मंद्र_सप्तक
प्रवेशिका पूर्णची परीक्षा. बाईंनी बजावलं होतं, तोंडात नुसता धर, चावू नकोस. मी चावला. तोंडभर तुसं. भूपाचा आलाप सुरू केला आणि एक तूस नेमकं पडजिभेला. गंधारावर जो ठसका लागला तो थांबेचना. परीक्षकांनी स्वतः उठून पाणी दिलं. पास झाले, पण तबलजी अजून भेटले की विचारतात, "ज्येष्ठमध खाल्लास का?"

खारी_बटर
गंधारावर ठसका, हसून हसून पुरेवाट

पिवळी_कण्हेर
रसभंग करतेय, सॉरी. माझ्या बाळाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. सहाण ओट्यावर उघडी, तिच्यावर झुरळ फिरलं तर कोण बघतंय? घरात आठवडाभर अबोला होता. शेवटी आईने गुटी उगाळून स्वतःच प्यायली.

अर्धा कप
@कण्हेर, बरोबर आहे गं त्यांचं. आम्ही तेव्हा विचारलंच नाही कुणाला.

नदीकाठ
आमचे बाबा. 2020 चा लॉकडाऊन. काढ्याची कृती सगळ्यांना पाठ झाली होती तेव्हा, तुळस सुंठ मिरी दालचिनी. बाबांनी त्यात आपल्या मनाने ज्येष्ठमध घातला, गोड लागतो म्हणून. दिवसातून तीनदा, दोन महिने. पायावर सूज, बोटाने दाबलं की खड्डा. बीपीची गोळी चालू असूनही वरचा आकडा 180. पोटॅशियम कमी निघालं. डॉक्टरांनी सगळं विचारलं आणि बाबांनी सगळं सांगितलं, फक्त काढा सोडून. कारण "ते काय औषध आहे का?" आई बोलली म्हणून कळलं. बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरलं. बीपीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी जपून रे बाबांनो.

चुना_कमी
ज्येष्ठमधाने बीपी? आजवर ऐकलं नव्हतं.

नदीकाठ
हो. त्यातल्या गोडव्यामुळेच. ग्लिसिऱ्हायझिन नाव त्याचं, साखरेपेक्षा तीसेक पट तरी गोड. त्याने शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीतून जातं. खोकल्याला चार दिवस तुकडा चघळणं वेगळं, बाबांसारखं रतीब लावणं वेगळं.

शब्दकिडा
मूळ शब्द यष्टिमधु. यष्टी म्हणजे काठी. आमची गुजराती शेजारीण जेठीमध म्हणते.

चुना_कमी
सितोपलादीत असतो ना हा? माझं तर बालपण त्यावर गेलं, मधात कालवून.

शब्दकिडा
नाही हो. खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1. तुम्हाला खडीसाखर आठवत असणार.

चुना_कमी
खडीसाखरच. डबी चोरून संपवायचो. बरं, पानात गुंजेचा पाला घालतात तोही अगदी याच चवीचा. पाला हं, बिया नाही. त्या लालकाळ्या बिया विषारी.

बोचरा_वारा
मी नेदरलँड्समध्ये. इथे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या खातात, ड्रॉप म्हणतात. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एकाने प्रेमाने दिली. मला वाटलं आजीच्या कांडीसारखी गोड असेल. नेमकी खारट निघाली, डोळ्यांतून पाणी. नंतर पाकीट वाचलं तर नवसागर! आईला फोन केला तर म्हणते, "अरे, नवसागर कल्हईला लागतो, खातात कसला?"

मंद्र_सप्तक
आईंना साष्टांग नमस्कार 😂

खारी_बटर
कल्हईवरून आठवलं, पुण्यात कल्हईवाला कुठे मिळेल? पितळेची दोन पातेली आणि एक परात आहे.

पिवळी_कण्हेर
आमच्या गल्लीत महिन्या-दोन महिन्यांनी येतो एक. हाक ऐकली की गॅस बंद करून धावायचं, दोन मिनिटांत पुढे जातो. कोथरूड.

खारी_बटर
पुढच्या वेळी आला की थांबवून ठेव ना! मी रिक्षाने येते.

अर्धा कप
माझीही एक कढई आहे गं, घेऊन येऊ का?