'विनयभंग'मधला विनय कोणाचा?

कुर्लेकरीण: भाची लोकलने येत होती. गर्दीचा फायदा घेऊन एकाने तिच्या अंगाला हात लावला. फिर्याद उतरवणाऱ्याने लिहिलं, "माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले." ती म्हणाली, "लाज नाही वाटली, राग आला." त्यावर उत्तर, "ताई, कलमात लज्जाच बसते." आणि गुन्हा कसला, तर विनयभंगाचा. तिने तर त्याची कॉलर धरली होती! मग भंगलं काय?

जुना मास्तर: संस्कृतात विनय म्हणजे आधी शिस्त, वळण, नम्रता हा त्यातलाच एक अर्थ. भिक्षूंच्या नियमांचं विनयपिटक त्यातूनच आलं. शिस्त मोडली त्याने आणि षष्ठी लागली तिला: 'तरुणीचा विनयभंग'. चोरी झाली म्हणून दुकानदाराचा प्रामाणिकपणा भंगला, असं कोणी लिहितं का? पेपरातला 'अतिप्रसंग' तर आणखी गुळमुळीत. न्याय या जुन्या तर्कशास्त्रात तो नियम नको तितका ताणला जाण्याचा दोष. हल्ला नव्हे, जणू तर्कातली चूक.

दुभाष्या: कोर्टाची भाषांतरं करतो. १८६०च्या दंडसंहितेतलं विनयभंगाचं कलम ३५४ गेलं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं ७४ आलं, शब्द तोच. पण मला विचाराल तर जास्त घात 'संमती'ने केलाय. देसाईगंज ठाण्यात आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा १९७२चा खटला आठवा. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी आदी कायद्याच्या चौघा प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहून बजावलं, की निमूट सोसणं म्हणजे संमती नव्हे. १९८०मध्ये मुंबईतल्या बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि ती 'संमती नव्हती' म्हणाली, की न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं.

चाळकरी: आमच्याकडचा शब्द राहिलाच की, 'वाच्यता'. मजल्यावरच्या एका मुलीच्या बाबतीत "वाच्यता नको", "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणणारे सगळे शेजारीच. त्यात मीही होतो. तिचं घर विरारला हललं. तो अजून पूजेची वर्गणी मागत दारोदार फिरतो, आणि आम्ही देतो.

दुभाष्या: कुर्लेकरीण, दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होईल तेव्हा भाचीने 'राग आला' असंच सांगायचं. वाचून दाखवल्याशिवाय सही नको.

कुर्लेकरीण: सांगते तिला. अजून बोलावणं आलेलं नाही.