वायगाव हळदीच्या नावाचं डोमेन भलत्यानेच अडवलंय, कायदा बदलावा म्हणून निवेदन कुणाला आणि कसं द्यायचं?

हळद गट, ता. समुद्रपूर
वायगाव हळदीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याची नोंद) आहे. तरी '.इन'मधलं त्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, जिल्ह्याबाहेरच्या कुणीतरी नोंदवून ठेवलंय. साइटवर हळद नाही, नुसतं 'डोमेन विकणे आहे' एवढंच पान. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला अधिवेशनाआधी निवेदन द्यायचंय. आमदारसाहेबांकडे जायचं की खासदारसाहेबांकडे? आणि मागणी काय लिहायची?

वकील, हिंगणघाट
भाऊ, खासदारांकडेच जा. ट्रेडमार्क राज्यघटनेच्या केंद्र सूचीत, म्हणजे फक्त संसदेच्या विषयांच्या यादीत आहे, नोंद ४९. विधानसभेला त्यावर कायदा करता येत नाही.

"कायदा करा" एवढंच लिहाल तर "कायदा आहेच" असं उत्तर येईल, आणि ते अर्धं खरं आहे. सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलं. भौगोलिक मानांकन कायदा १९९९चं कलम २२ आहेच, पण ते मालाभोवती फिरतं. दुसरीकडची हळद वायगावची म्हणून विकली तर ते लागू होतं. इथं माल कुठंच नाही, नाव तेवढं दाबून ठेवलंय. फट इथं आहे, निवेदन हिच्यावरच लिहा.

मागण्या दोन. पहिली सोपी: '.इन'ची भांडणं इंडीआरपी या धोरणाखाली लवादापुढं जातात. त्यात 'नाव, ट्रेडमार्क किंवा सेवाचिन्ह' असे शब्द आहेत, भौगोलिक मानांकनाचा उल्लेख नाही. तो घालायला विधेयक लागत नाही, कारण धोरण '.इन' डोमेनं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेचं आहे. दुसरी: वाईट हेतूनं डोमेन अडवणं हेच उल्लंघन, असं कलम २२ मध्ये यावं आणि भरपाईचा आकडा ठरावा. लवाद डोमेन रद्द करतो किंवा आपल्या नावे करून देतो, भरपाई देत नाही. अमेरिकेच्या १९९९च्या कायद्यात ट्रेडमार्कधारकाला दर डोमेनमागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाई मिळू शकते.

संसद कामकाज पाहणारा, वर्धा
वरच्या दोन्ही मागण्या एका पत्रात घालू नका. मानांकन वाणिज्य व उद्योग मंत्रालयाकडे, '.इन' इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. एकत्र लिहिलं की हे खातं त्या खात्याकडे बोट दाखवतं आणि अधिवेशन संपतं. दोन पत्रं, प्रत्येकी एक पान, सोबत संचालक मंडळाचा ठराव. कार्यालयातून आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

खासदारांच्या पीएच्या हाती तयार मजकूर द्या. लोकसभेत प्रश्नाची मर्यादा साधारण १५० शब्दांची, नियम ३७७ खाली खासदार सभागृहात मांडतात त्या मुद्द्याची २५०. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी जावी लागते, म्हणून अधिवेशन लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. माझ्या मते अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा प्रश्नच मागा. उत्तर कागदावर हाती येतं आणि पुढच्या पत्राला जोडता येतं.

सभागृहाला याचिकाही देता येते. मराठीत चालते, पण हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सहीनिशी जोडावं लागतं आणि त्यावर खासदारांची प्रतिस्वाक्षरी लागते. प्रकरण कोर्टात असेल तर याचिका घेत नाहीत. तेव्हा दावा आधी की याचिका आधी, हे वकिलांशी बसून ठरवा.

आणखी एक. मोर्शी-वरुड वर्धा लोकसभा मतदारसंघातच येतं. नागपुरी संत्र्यालाही मानांकन आहे. तिकडच्या उत्पादकांच्या सह्या घेतल्या तर हा एका गावाच्या हळदीपुरता प्रश्न राहत नाही.

ग्राहक चळवळ, आर्वी
मागणी जपून लिहा. वायगाव हे गावाचं नाव आहे. उद्या तिथल्याच शाळेनं किंवा किराणावाल्यानं गावाच्या नावानं साइट काढली तर त्याला नोटीस जाता कामा नये. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३५ मध्ये स्वतःच्या किंवा धंद्याच्या ठिकाणाच्या नावाच्या प्रामाणिक वापराला सूट आहे. तशीच सूट मसुद्यात तुम्हीच घाला. नाहीतर मोठ्या कंपन्यांचे वकील हेच कलम लहान माणसावर चालवतील.

हळद गट, ता. समुद्रपूर
दोन पत्रं करतो. तोवर त्या डोमेनचं काय करायचं?

वकील, हिंगणघाट
पुरावा धरा. पानाचा स्क्रीनशॉट पत्ता आणि तारखेसह, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात धरला जावा म्हणून लागतं ते). डोमेन अडवणाऱ्याला फोन करू नका, ईमेलच करा. नोंदणीखर्चापेक्षा फार मोठी किंमत त्यानं लेखी मागितली तर वाईट हेतू दाखवायला तेच पत्र कामी येतं.

वायगाव इंग्रजीत डब्ल्यूनं लिहितात, व्हीनं लिहितात, मध्ये आय येतो नाहीतर वाय. यातली जी मोकळी असतील ती डोमेनं आजच नोंदवा, देवनागरीतलं '.भारत'सुद्धा. आणि कंपनी मानांकनाच्या रजिस्टरात अधिकृत वापरकर्ता (ते नाव वापरायला नोंदवलेला उत्पादक) आहे का, ते पाहा. मानांकन कायद्याच्या कलम २१ खाली उल्लंघनाचा दावा नोंदणीधारक आणि अधिकृत वापरकर्ताच करू शकतो. नाव तिथं नसेल तर अर्ज आधी चेन्नईच्या रजिस्ट्रीकडे टाका.