पाथ जोडताना विंडोजवर ड्राइव्ह टिकतो आणि फोल्डर गळतो, हे माहितीपत्रकात कसे लिहावे?

प्रश्न (इंदूर)

नमस्कार. रामबागेजवळच्या एका मराठी ग्रंथालयात स्कॅन केलेली जुनी मासिके जागच्या जागी लावून ठेवणारा पायथनमधला एक छोटा प्रोग्राम मी सांभाळतो आणि त्याचे मराठी माहितीपत्रकही मीच लिहितो. कार्यालयातील संगणक विंडोजवर चालतात, सर्व्हर मात्र लिनक्सवर आहे. पाथचे म्हणजे फाइलच्या पत्त्याचे तुकडे जोडणाऱ्या ओएस.पाथ.जॉइन या फंक्शनविषयी मी लिहिले होते की, "पुढचा तुकडा अ‍ॅब्सोल्यूट असल्यास आधीचे सर्व तुकडे सोडून दिले जातात." (अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे मुळापासून पूर्ण लिहिलेला पाथ.) एका सहकाऱ्याने फोल्डरच्या नावाआधी सवयीने स्लॅश दिला आणि "/प्रती" असे लिहिले. लिनक्सवर उत्तर "/प्रती" असेच आले, पण विंडोजवर "सी:\दप्तर" याला तेच जोडल्यावर "सी:/प्रती" मिळाले, म्हणजे दप्तर गळाले आणि ड्राइव्ह तेवढा राहिला. त्यातच पाथ अ‍ॅब्सोल्यूट आहे का ते तपासणारे पायथन ३.१३ मधले इझअ‍ॅब्स हे फंक्शन विंडोजवर "/प्रती" हा पाथ अ‍ॅब्सोल्यूट नसल्याचे सांगते. मग आधीचा भाग गळतो तो कोणत्या नियमाने?

उत्तर १

आपले वाक्य लिनक्सपुरते बरोबर आहे. अडचण "अ‍ॅब्सोल्यूट" या शब्दात आहे. लिनक्सवर पाथ स्लॅशने सुरू झाला की तो अ‍ॅब्सोल्यूट ठरतो. विंडोजवर मात्र ड्राइव्ह आणि त्यापुढचा मूळ स्लॅश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सी: सारख्या ड्राइव्हवरचा पाथ अ‍ॅब्सोल्यूट ठरण्यासाठी दोन्ही लागतात. "/प्रती" मध्ये स्लॅश आहे पण ड्राइव्ह नाही, त्यामुळे जॉइन आधीचा ड्राइव्ह ठेवते आणि फोल्डर टाकून देते. आवृत्ती ३.१२ पर्यंत इझअ‍ॅब्स अशा पाथलाही होकार देत असे, ३.१३ मध्ये ते बदलले, जॉइनचे वागणे मात्र तेच राहिले. म्हणून "इझअ‍ॅब्सने नकार दिला, आता निर्धास्त जोडा" असा सल्ला माहितीपत्रकात कुठे असेल तर तो आधी काढावा.

उलट प्रकारही नोंदवावा. "सी:" आणि "प्रती" जोडल्यास "सी:प्रती" मिळते. त्याचा अर्थ सी ड्राइव्हवरील चालू फोल्डरच्या आतील प्रती असा होतो, ड्राइव्हच्या मुळाशी असलेले फोल्डर असा नव्हे. येथे भलेभले फसतात.

उत्तर २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. उदाहरणे मात्र आठवणीवर विसंबून लिहू नयेत. ओएस.पाथ म्हणजे विंडोजवर एनटीपाथ आणि लिनक्सवर पॉसिक्सपाथ हे मॉड्यूल. दोन्ही मॉड्यूल कोणत्याही संगणकावर थेट आयात करता येतात. एकाच जागी बसून दोन्ही उत्तरे काढावीत आणि शेजारीशेजारी छापावीत. तसे केल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येईल: लिनक्सवर बॅकस्लॅश हे फाइलच्या नावात चालणारे साधे अक्षर आहे, त्यामुळे विंडोजवरून आलेला "सी:\दप्तर\अंक.पीडीएफ" हा पाथ सर्व्हरवर पाथमधून फाइलचे नाव वेगळे काढणाऱ्या बेसनेमला दिला तर तो जसाच्या तसा परत मिळतो.

उत्तर ३

नाव वापरकर्त्याकडून येत असेल तर जॉइन हे कुंपण नव्हे, हेही स्पष्ट लिहावे, ".." हे वरच्या फोल्डरकडे नेणारे दोन टिंब ते तसेच राहू देते. आधी रिअलपाथने खरा पाथ काढावा आणि मग पाथांचा सामाईक भाग देणाऱ्या कॉमनपाथने तो दप्तराच्या आतच आहे का ते तपासावे. कॉमनप्रीफिक्स वापरू नये, कारण ते अक्षरे जुळवते आणि "दप्तर-जुने" हेही त्याला "दप्तर" च्या आतले वाटते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. नवे वाक्य असे केले आहे: "विंडोजवर पुढचा तुकडा स्लॅशने सुरू होत असून त्यात ड्राइव्ह नसेल, तर आधीचा ड्राइव्ह राहतो आणि आधीची फोल्डरे गळतात, तुकड्यात दुसरा ड्राइव्ह असेल, तर आधीचे सर्वच गळते." इझअ‍ॅब्सवर विसंबणारा परिच्छेद काढून टाकला आहे.